भिंतीत मिसळलेला शिल्पकार : जॉन लॉकवुड किपलिंग

घराचा आराखडा करणाऱ्यास आपण वास्तुविशारद म्हणतो, दगडावर दगड रचणाऱ्यास गवंडी म्हणतो आणि मूर्ती घडविणाऱ्यास शिल्पकार म्हणतो. परंतु या तिघांच्या मध्ये आणखी एक कलावंत उभा असतो, आणि त्याच्यासाठी मराठीत अद्याप एखादे रूढ नाव नाही. इमारतीच्या कमानीखाली बसविलेली उठावशिल्पे, खांबांच्या माथ्यावरची पानेफुले, सज्ज्याला खालून आधार देणारे कोरीव तोडे, पावसाचे पाणी दूर फेकणारी पशुमुखे, हे सारे त्याच्या हातचे काम. चौथऱ्यावरच्या पुतळ्याप्रमाणे त्याची कृती एकटी उभी राहत नाही. ती भिंतीतच मिसळून गेलेली असते. पुतळ्याखाली शिल्पकाराचे नाव कोरतात. कमानीखाली कोणाचे नाव कोरावयाचे? आपल्याकडील शेकडो देवळांच्या भिंती अशा कामाने भरलेल्या आहेत, आणि त्यांचे कर्ते बहुधा अज्ञात आहेत. होयसळ राजांच्या काळी मल्लितम्मा किंवा दासोज यांच्यासारख्या शिल्प्यांनी आपली नावे दगडावर लिहून ठेवली, हा अपवाद म्हणावा लागेल.

एकोणिसाव्या शतकात अशाच प्रकारचा एक इंग्रज शिल्पी मुंबईस आला, दहा वर्षे येथे राहिला, पुढे अठरा वर्षे लाहोरास राहिला, आणि निवृत्त होऊन मायदेशी परतला. त्याचे नाव जॉन लॉकवुड किपलिंग. हे नाव कानी पडताच बहुतेकांना त्याच्या पुत्राची, रडयार्ड किपलिंगची, आठवण होते, आणि पिता तेवढ्यापुरताच, 'लेखकाचा बाप' म्हणून, उल्लेखिला जातो. २०१७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या कार्याचे एक मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा या मनुष्याला स्वतःचे असे चरित्र आहे हे पुष्कळांच्या ध्यानी आले. त्याच्या हातच्या कामाचा एक उत्तम नमुना मात्र मुंबईच्या भर बाजारात, रोज हजारो माणसांच्या डोक्यावर, दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

किपलिंगचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी यॉर्कशर परगण्यातील पिकरिंग या गावी झाला. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात श्रीमंती नव्हती आणि कलेची परंपराही नव्हती. १८५१ साली लंडनला जगातील पहिले भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. या शाळकरी मुलाने ते पाहिले, आणि तेथील कलाकुसरीच्या वस्तूंचा त्याच्या मनावर कायमचा ठसा उमटला. पुढे तो स्टॅफर्डशरमधील बर्स्लेम या गावी एका मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. बर्स्लेमचा सारा परिसरच कुंभारकामाचा. दिवसा कारखान्यात नक्षीचे नमुने तयार करावयाचे आणि जवळच्या कलाशाळेत रेखनाचे धडे घ्यावयाचे, असा त्याचा क्रम होता. संगमरवराच्या आधी त्याचा हात ओल्या मातीला लागला, ही गोष्ट त्याच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. माती नम्र असते. ती ज्या कामासाठी घ्यावी त्या कामाच्या आकारात बसते. इमारतीवर काम करणाऱ्या शिल्पकाराला नेमका हाच गुण लागतो.

तेथून तो लंडनला गेला आणि दक्षिण केन्सिंग्टनच्या नव्या संग्रहालयाच्या सजावटीवर काम करू लागला. हेच संग्रहालय पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने प्रसिद्धीस आले. गॉडफ्री साइक्स नावाच्या कल्पक कलावंताच्या हाताखाली भाजलेल्या मातीचे खांब, पट्टे आणि मूर्ती तेथे तयार होत होत्या. याच सुमारास बर्स्लेममध्ये कुंभारकलेचा महर्षी जोसाया वेजवुड याच्या स्मरणार्थ एक संस्था उभारण्याचे ठरले. तिच्या दर्शनी भागाची सजावट रॉबर्ट एडगर आणि किपलिंग या दोघांच्या आराखड्यानुसार झाली. भिंतीवर वर्षाच्या बारा महिन्यांची उठावशिल्पे, आणि त्यांच्या जोडीला माती मळण्यापासून भांडे भट्टीतून निघेपर्यंतच्या कामांची दृश्ये. राजे नाहीत, सेनापती नाहीत. ज्या गावची इमारत, त्या गावच्या कष्टकऱ्यांचा धंदाच तिच्या कपाळावर कोरलेला. १८६३ मध्ये या इमारतीची कोनशिला बसली आणि १८६९ मध्ये ती खुली झाली. ती पुरी होण्याच्या आधीच किपलिंग समुद्रापार निघून गेला होता.

१८ मार्च १८६५ रोजी अॅलिस मॅकडोनल्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. ही मुलगीही धर्मोपदेशकाच्याच घरातील. तिच्या एका बहिणीचा पती एडवर्ड बर्न-जोन्स आणि दुसरीचा एडवर्ड पॉइंटर; दोघेही पुढे इंग्लंडचे नामांकित चित्रकार झाले. तिसरीचा मुलगा स्टॅन्ली बॉल्डविन तर इंग्लंडचा पंतप्रधान झाला. अशा आप्तांच्या मेळाव्यात मुंबईस नोकरीला गेलेला हा मूर्तिकार थोडासा झाकोळून गेला असल्यास नवल नाही. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत वास्तूंवरील शिल्पकामाचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली होती. विवाहानंतर दोनच महिन्यांत, १८६५ च्या मे महिन्यात, ते दांपत्य मुंबईच्या बंदरात उतरले.

ती मुंबई कशी होती? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशाचा पूर आलेला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने किल्ल्याचा जुना तट पाडून टाकला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मोठमोठ्या सरकारी इमारतींच्या योजना आखल्या जात होत्या. किपलिंग उतरला त्याच सुमारास युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या दिवशी सट्ट्याचे सगळे व्यवहार अंगावर येऊन मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. नव्या प्राध्यापकाच्या पायगुणाला दोष द्यावा असाच तो मुहूर्त. परंतु योजना पुढे सरकल्या. इमारती उठू लागल्या, आणि त्यांच्यावर कोरीवकाम करणारी माणसे हवी होती.

कलाशाळा १८५७ पासून चालू होती. सर जमशेटजींनी तिच्यासाठी १ लाख रुपये दिले होते. आता तेथे तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीच्या चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स, शोभिवंत लोहकामासाठी हिगिन्स आणि मूर्तिकामासाठी किपलिंग. ग्रिफिथ्स पुढे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षे बसला आणि तेथील चित्रांच्या प्रतिकृती त्याने करवून घेतल्या, ती कथा निराळी.

किपलिंगच्या कार्यशाळेतील कामाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे; तिच्यावाचून या कलेचे मर्म कळत नाही. वास्तुविशारद आपल्या नकाशात कमानीखाली एक रिकामे अर्धवर्तुळ सोडतो. तेथे काय यावे याचे लहान रेखाटन शिल्पकार करतो. ते पसंत पडले की मातीत नमुना घडवावयाचा, त्यावरून प्लास्टरचा साचा काढावयाचा आणि साच्यातून पांढरी प्रतिमा ओतावयाची. ही प्रतिमा पाथरवटासमोर ठेवली जाते. तो कंपासाने तिच्यावरील उंचसखल बिंदूंची मापे घेतो, तीच मापे दगडावर उतरवितो आणि छिन्नीने नेमक्या खोलीपर्यंत दगड काढून टाकतो. शेवटचा हात मात्र मापाचा नसतो, डोळ्यांचा असतो. पंचवीस-तीस फूट उंचीवर बसणारे शिल्प खालून पाहिले जाणार. म्हणून समोर ठेवून पाहताना जे प्रमाणशीर दिसते ते वर गेल्यावर चेपलेले दिसते. नाक, हनुवटी, कपड्याची चुणी अधिक खोल कोरावी लागते, म्हणजे सावली धरते. त्यातही मुंबईचे ऊन डोक्यावरचे आणि प्रखर, लंडनसारखे मवाळ नव्हे. त्याला चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा यांची जोड. नाजूक टोके येथे फार काळ टिकत नाहीत. दगडाचीही जात पाहावी लागते. दख्खनचा काळा पाषाण कणखर खरा, पण बारीक पाकळीसाठी छिन्नीला दाद देत नाही. त्यासाठी पोरबंदरचा मऊ, पांढुरका चुनखडी दगड बरा. हे सारे ज्ञान पुस्तकात नव्हते. निम्मे किपलिंगच्या बोटांत होते आणि निम्मे येथील पाथरवटांच्या.

या कामाचा उत्तम नमुना म्हणजे मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, ज्याला आता महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणतात. विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १८६९ मध्ये ती पुरी झाली. कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि वसईचा तांबडा दगड यांच्या त्या भिंती, निमुळत्या कमानी आणि वर घड्याळाचा मनोरा. प्रवेशद्वारांवरच्या अर्धवर्तुळांत किपलिंगने घडविलेली उठावशिल्पे आहेत. त्यांतून ग्रीक देवता किंवा राणीचा मुखवटा दाखविणे त्या काळी अगदी स्वाभाविक ठरले असते. किपलिंगने दाखविली शेतात राबणारी आणि बाजारात वावरणारी देशी माणसे. बर्स्लेमच्या भिंतीवर जसा कुंभार, तसा मुंबईच्या मंडईवर शेतकरी. ज्याचा माल आत विकावयाचा, तोच दारावर. मंडईच्या आवारातील कारंजेही इमर्सनच्या आराखड्याचे असून त्यावरील पशुपक्ष्यांचे आणि नदीदेवतांचे कोरीवकाम किपलिंगच्या कल्पनेतून उतरले आहे. भाजीच्या पाट्या आणि फळांचे खोके यांच्या गर्दीत त्या कारंज्याची जी उपेक्षा अनेक वर्षे झाली, ती सांगण्यासारखी नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मुंबईतील कोणतीही जुनी कोरीव इमारत दिसली की तिच्यावरची शिल्पे किपलिंगची, असे सांगण्याची एक प्रथा पडली आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसबद्दल, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबद्दल, हे वारंवार सांगितले जाते. त्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये संपले. किपलिंगने मुंबई सोडली १८७५ मध्ये. तेथील विपुल पाने, मोर, माकडे आणि माणसांची मुखे ही ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेली आहेत. आणि वरचा प्रगतीचा पुतळा व दारावरचे सिंह-वाघ इंग्लंडमधील टॉमस अर्प या शिल्पकाराचे आहेत. तसेच कलाशाळेच्या आवारातील ज्या बंगल्याकडे रडयार्ड किपलिंगचे जन्मस्थान म्हणून बोट दाखविले जाते, तोही मागाहून बांधलेला आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजी ज्या घरात तो जन्मला ते घर आता राहिलेले नाही. प्रसिद्ध नावाला सारे श्रेय चिकटते आणि ज्यांचे हात झिजले त्यांची नावे गळून पडतात, हे याही क्षेत्रात खरेच आहे. एक नाव मात्र सुदैवाने उरले. मुंबई विद्यापीठाचा २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याच्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींची माणसे आपापल्या वेषात उभी केलेली आहेत. त्या पुतळ्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक इंजिनियराने तयार केले होते. एका सरकारी इंजिनियराच्या हाती असे कसब असावे, याची नोंद मराठी माणसाने तरी ठेवावयास हवी.

१८७० साली सरकारने किपलिंगला उत्तर हिंदुस्थानात पाठविले. तेथील कारागिरांची रेखाचित्रे काढणे हे त्याचे काम. विणकर, रंगारी, तांबट, लाकडावर कोरणारा सुतार, कुंभार, अशी कितीतरी माणसे त्याने त्यांच्या हत्यारांसह, त्यांच्या बसण्याच्या पद्धतीसह रेखाटली. ही चित्रे आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तारा ओढणाऱ्याचा पाय कोठे रोवला आहे, कोरणाऱ्याने फळी कशी धरली आहे, हे पाहूनच ती काढता येतात. त्यांतील माणसे विचित्र पौर्वात्य प्राणी म्हणून आलेली नाहीत. काम जाणणारा एक मनुष्य दुसऱ्या काम जाणणाऱ्याकडे पाहत आहे असेच वाटते. या प्रवासाने किपलिंगची दृष्टी पालटली असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईस तो इंग्रजी पद्धतीची शिल्पकला शिकवावयास आला होता. आता त्याला दिसू लागले की शिकविण्याआधी राखण्यासारखेच येथे पुष्कळ आहे.

१८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा अंदमानात वध झाला. त्याच्या स्मरणार्थ लाहोरला कलाशाळा निघाली, आणि १८७५ मध्ये किपलिंग तिचा पहिला प्राचार्य झाला. तेथील संग्रहालयाचीही व्यवस्था त्याच्याकडेच होती. रडयार्डच्या 'किम' या कादंबरीच्या आरंभी एका तिबेटी लामाला गांधार शैलीच्या बुद्धमूर्ती आदराने दाखविणारा जो शुभ्र दाढीचा अभिरक्षक येतो, तो हाच. लाहोरच्या शाळेत युरोपीय पुतळ्यांच्या नकला गिरविण्याऐवजी मुले शहरातल्या वजीर खानाच्या मशिदीत जाऊन तिच्या भिंतींवरील रंगीत कौलांची नक्षी उतरवून घेत. सुतार-लोहारांच्या घरातील मुलांना प्रवेश द्यावा आणि त्यांच्या पिढीजात कसबाला रेखनाची जोड द्यावी, असे त्याचे धोरण होते.

१८८४ मध्ये 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट' हे नियतकालिक सुरू झाले आणि त्याचा संपादक किपलिंग होता. त्यात त्याने सार्वजनिक बांधकाम खात्याविषयी जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. देशात इमारती बांधणारे मिस्त्री अजून हयात आहेत, त्यांची परंपरा मेलेली नाही. पण खात्याचे इंजिनियर छापील नकाशे पाठवून त्यांना केवळ हमाल करून सोडतात, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. स्वतः सरकारी नोकरीत असताना दुसऱ्या सरकारी खात्यावर अशी टीका छापून करणे हे धाडसाचे होते. खात्याचा नकाशा काही त्यामुळे बदलला नाही.

पण त्याच्या मताला एक जिवंत पुरावा त्याच्याच शाळेत तयार झाला. भाई रामसिंग हा रामगढिया शीख सुताराच्या घरचा मुलगा शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. शिकता शिकता तो तेथेच शिक्षक झाला. ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या बॅगशॉट येथील वाड्यातील बिलियर्डच्या खोलीसाठी कोरीव लाकडी तावदाने पंजाबात तयार होऊन इंग्लंडला गेली, ती गुरुशिष्यांच्या कल्पनेची. मग राणी व्हिक्टोरियाने ऑस्बर्न येथील निवासस्थानी हिंदी धर्तीचा दरबार हॉल करविण्याचे ठरविले. आराखड्यात किपलिंगचा सल्ला होता. पण १८९१ च्या सुमारास प्रत्यक्ष इंग्लंडात राहून काम उभे केले ते रामसिंगने. त्याने लाकडात आणि मातीत नमुने कोरावयाचे व त्यांवरून साचे करून छतावर आणि भिंतींवर शुभ्र नक्षी उतरावयाची, अशी रीत होती. शेगडीच्या वरच्या भागावरील पिसारा फुललेला मोर पाहण्यासाठी आजही लोक वाइट बेटावरील त्या वाड्यात जातात. राणीने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून रामसिंगचे चित्र काढवून घेतले. मुंबईच्या पाथरवटांचे असे एकही चित्र नाही. हिंदुस्थानात परतल्यावर लाहोरच्या संग्रहालयाची नवी इमारत, अमृतसरचे खालसा कॉलेज अशा वास्तू रामसिंगच्या आराखड्यांवरून उठल्या. नमुना कोरणारा सुतार पुरा वास्तुविशारद झाला होता.

किपलिंगच्या विचाराला एक बाजू आणखी आहे, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हिंदी मनुष्याचा हात नक्षीत आणि कारागिरीत श्रेष्ठ, हे तो मनापासून मानी. पण त्याच मापाने हिंदी कलावंताला कारागिरीच्या कक्षेतच ठेवण्याची सोय राज्यकर्त्यांना मिळत होती. सुताराच्या मुलाने सुतारकीच सुधारावी, या उपदेशात माया आहे तसे कुंपणही आहे. मुंबईच्या त्याच कलाशाळेतून १८९६ च्या सुमारास गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' बाहेर आली. देवळाकडे निघालेली ती नऊवारीतील तरुणी कोणत्याही भिंतीला टेकून उभी नव्हती; आणि तिच्याखाली शिल्पकाराचे नाव होते. किपलिंगच्या धोरणात अशा मूर्तीला जागा कितपत होती, हा प्रश्नच आहे. उलट, म्हात्र्यांच्या मागून मराठी मूर्तिकारांची जी थोर पिढी आली ती पुतळ्यांकडे वळली आणि इमारतीवरचे कोरीवकाम मागे पडले, हेही खरे. पुढे सिमेंट काँक्रीट आले आणि कमानीखालचे ते रिकामे अर्धवर्तुळच नकाशातून नाहीसे झाले.

१८९३ मध्ये निवृत्त होऊन किपलिंग विल्टशरमधील टिसबरी या खेड्यात राहू लागला. हिंदुस्थानातील माणूस आणि पशू यांच्या सहवासावर त्याने लिहिलेला सचित्र ग्रंथ १८९१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. मुलाच्या 'जंगल बुक'साठी त्याने चित्रे काढली. 'किम' १९०१ मध्ये निघाली तेव्हा मात्र त्याने लेखणी आणि कुंचला बाजूला ठेवून पुन्हा माती हातात घेतली. लामा, किम, काबूलचा घोडेविक्या महबूब अली, ही पात्रे त्याने कमी उठावाच्या फलकांवर घडविली, त्या फलकांची छायाचित्रे घेतली गेली, आणि तीच पुस्तकात चित्रे म्हणून छापली गेली. तिशी गाठण्याआधी दगडी भिंतीवर जे केले, तेच साठी उलटल्यावर कागदाच्या पानावर केले. ज्या पंजाबी रस्त्यांवरून तो अठरा वर्षे हिंडला होता, ते रस्ते त्या लहानशा फलकांत पुरते ओळखू येतात.

१९१० च्या नोव्हेंबरात अॅलिस वारली आणि पुढच्या जानेवारीत किपलिंगही गेला. दोघांची थडगी टिसबरीच्या चर्चच्या आवारात आहेत. त्याच १९१० साली लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्यपद भाई रामसिंगकडे आले. १९१३ पर्यंत तो त्या खुर्चीवर होता. ती शाळा आज पाकिस्तानचे राष्ट्रीय कला महाविद्यालय या नावाने चालू आहे, आणि तिच्या जुन्या विटकरी इमारतीचा आराखडा किपलिंग आणि रामसिंग या दोघांनी मिळून केलेला आहे.